सहा ठिपके आणि एक देवमासा

माणसाला गुपिताची हौस भारी. सांगायचं तर असतंच, पण सगळ्यांना कळता कामा नये, ही त्याची जन्माची अडचण. म्हणून आपल्या वाडवडिलांनी करपल्लवी काढली, नेत्रपल्लवी काढली. शाळेतल्या मुलींनी ‘च’ची भाषा काढली. डॉक्टर मंडळींनी स्वतःचं अक्षर काढलं, जे फक्त औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याला लागतं. मोडी लिपी खरं म्हणजे भराभर लिहिता यावं म्हणून वापरात होती, पण आज तिचंही गुपितच झालं आहे. पणजोबांच्या ट्रंकेतून निघालेला कागद म्हणजे दोन एकर जमिनीचं खरेदीखत की लग्नातल्या मानपानाची यादी, हे कळायला पणतवंडांना जाणता माणूस हुडकत फिरावं लागतं. आम्ही बँकेतले लोक तर गुपितावरच जगतो. ‘आपला पिन कोणालाही सांगू नका’ अशी पाटी आम्ही भिंतीवर लावतो आणि त्याच पाटीखाली उभं राहून गिऱ्हाईक खड्या आवाजात विचारतं, “साहेब, माझा पिन एकोणीसशे बासष्टच ना हो?”

पण ज्यांना दिसत नाही त्यांना वाचता यावं म्हणून तयार झालेली लिपी उचलायची आणि डोळस पोरांना कोडं म्हणून घालायची, हा प्रकार मी आजवर ऐकला नव्हता. तो घडला जपानात, २००२ साली. आणि तो आमच्या घरात शिरला आमच्या चिरंजीवांच्या न्यू जर्सीच्या मामामुळे.

मामाने भाच्याला आपलं तरुणपणचं खेळणं दिलं. गेम बॉय अॅडव्हान्स त्याचं नाव. दिसायला साबणाच्या डबीएवढं. त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही. ट्यूबलाइटखाली एका विशिष्ट कोनात धरलं तरच काही दिसतं. त्यात जी चकती घातलेली होती, ती ‘पोकेमॉन’ या खेळातली ‘सॅफायर’. तिची जुळी बहीण ‘रुबी’. दोघी जपानात नोव्हेंबर २००२मध्ये बाजारात आल्या आणि २००३मध्ये अमेरिकेत व युरोपात. दोघींच्या मिळून जगभर एक कोटी साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या. आमच्याकडे इतक्या मुदत ठेवी आल्या असत्या, तर मॅनेजरसाहेबांनी स्वतः पेढे वाटले असते.

खेळाची कल्पना साधी आहे. एक शाळकरी वयाचं पोर घर सोडून निघतं आणि रानावनात फिरून चित्रविचित्र प्राणी पकडतं. आई अडवत नाही, क्लासची फी बुडेल म्हणत नाही. मुलुखाचं नाव होएन, आणि तो जपानच्या क्यूशू बेटावर बेतलेला आहे. बरोबर एका वेळी जास्तीत जास्त सहा प्राणी नेता येतात. इथवर सगळं पोरखेळच. पण खेळ रचणाऱ्यांनी समुद्राच्या तळाशी एक खोली लपवून ठेवली. प्रवाहातल्या नेमक्या जागी बुडी मारायची, तळातून वाट काढायची आणि वर यायचं, की माणूस एका बंद गुहेत निघतो. गुहेत प्राणी नाही, माणूस नाही, खजिना नाही. नुसत्या भिंती, आणि भिंतींवर ठिपके.

चिरंजीव दोन दिवस त्या ठिपक्यांकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आईने विचारलं, “रांगोळीचा खेळ आहे का रे?”

रांगोळी नव्हती. ब्रेल होती. मागच्या भिंतीवर एक वाक्य होतं आणि बाजूच्या भिंतींवर तीन-तीन, चार-चार अक्षरांचे गट करून सबंध इंग्रजी बाराखडी मांडलेली होती. म्हणजे कुलूपही तिथेच आणि किल्लीही तिथेच, फक्त किल्ली आहे हे ओळखता आलं पाहिजे. इंग्रजी आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत ब्रेलचा तक्ताही छापलेला होता. पण माहितीपुस्तिका वाचणं हे मनुष्यस्वभावाला धरून नाही. आमच्या मिक्सरची पुस्तिका गेली अकरा वर्षं कपाटातल्या वर्तमानपत्राच्या घडीखाली अस्पर्श पडून आहे.

आता ही लिपी आली कुठून, हे सांगायचं तर खेळ बाजूला ठेवून पॅरिसच्या जवळच्या कूव्रे नावाच्या गावी जायला हवं. तिथे घोड्यांचं खोगीर-सामान बनवणाऱ्या एका कारागिराच्या घरी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेलचा जन्म झाला. तीन वर्षांचा असताना बापाच्या कारखान्यात खेळताना त्याच्या हातून चामडं टोचायची आरी डोळ्यात गेली. जखम चिघळली, तिचा उपद्रव दुसऱ्या डोळ्यालाही झाला, आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले. १८१९मध्ये त्याला पॅरिसच्या अंधशाळेत घातलं. ही शाळा व्हॅलेंटिन हाउईने काढलेली. हाउईने अंधांसाठी पुस्तकंसुद्धा केली होती, पण कशी? नेहमीचीच रोमन अक्षरं कागदावर फुगवून. ती बोटांनी चाचपत वाचायची म्हणजे भिंत चाचपडत वाडा ओळखण्यासारखं. शिवाय पुस्तकं अशी अवजड की दप्तराला हमाल लागावा. आणि मुख्य म्हणजे ती वाचता आली तरी तसं लिहिता येत नसे. अंधांनी ऐकावं, चाचपावं आणि गप्प बसावं, एवढीच सोय.

मग शार्ल बार्बिए नावाचे एक लष्करी गृहस्थ आपली ठिपक्यांची पद्धत घेऊन १८२१च्या सुमाराला शाळेत आले. अंधारात वाचता येईल असं हे लेखन. एका खुणेत बारापर्यंत ठिपके. उच्चाराप्रमाणे लिहायचं. विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. आणि बारा ठिपके बोटाच्या एका पेरात मावत नाहीत. बोट वर न्यावं तर खालचे सुटतात, खाली आणावं तर वरचे विसरतात. लुईने त्या बाराचे सहा केले. वय वर्षं पंधरा! १८२४मध्ये त्याची पद्धत बहुतेक तयार होती, १८२९मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि १८३७मध्ये सुधारून पुन्हा निघाली. ज्या जातीच्या टोच्याने डोळे घेतले, तसल्याच टोच्याने त्याने कागदावर अक्षरं उमटवली. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार ओढूनताणून आणलंय बुवा.

मी पडलो कॉमर्सचा. मला त्यात काव्यापेक्षा हिशेब आधी दिसला, आणि हिशेब पाहून मी चाट पडलो. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके. प्रत्येक ठिपका एकतर आहे किंवा नाही. दोनाला दोनाने सहा वेळा मांडत जा, चौसष्ट होतात. त्यातून पार कोरं घर वजा करा, उरले त्रेसष्ट. एवढ्या भांडवलावर अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, गणित आणि वर संगीताची स्वरलिपीसुद्धा. आणि मांडणी कशी? पहिली दहा अक्षरं फक्त वरच्या चार ठिपक्यांत. पुढची दहा म्हणजे तीच दहा, फक्त डाव्या तळाला एक ठिपका जास्त. त्यापुढची म्हणजे पुन्हा तीच, तळाचे दोन्ही ठिपके घालून. आमच्या लेजरमध्ये ‘मागील पानावरून पुढे’ म्हणतात ना, अगदी तसं.

फक्त एक अक्षर या हिशेबात बसत नाही, डब्ल्यू. त्या काळच्या फ्रेंचला डब्ल्यूचं काही काम नव्हतं, म्हणून लुईने त्याला जागाच ठेवली नाही. पुढे इंग्रजीसाठी त्याला आत घ्यावं लागलं आणि मिळेल त्या घरात बसवावं लागलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ही सस्पेन्स खात्यातली नोंद. दोनशे वर्षं झाली, अजून जमाखर्चात बसलेली नाही. आणि गंमत बघा, इंग्रजी खेळात पुढचं दार उघडायला जो अवाढव्य देवमासा लागतो, त्याचं नाव वेलॉर्ड, आणि त्याचं पहिलंच अक्षर डब्ल्यू! भिंतीकडे न बघता स्वतःच्या हुशारीवर पुढे धावणारं पोर बरोबर तिथेच आपटतं.

तर मागच्या भिंतीवरचं वाक्य लागलं. दोनच शब्द. ‘इथे खण.’ खणलं, दार उघडलं, आत आणखी एक खोली, आणखी ठिपके. तिथे मजकूर मोठा आहे. त्याचा सारांश असा, की आम्ही पूर्वी या गुहेत राहत होतो, या प्राण्यांचे आमच्यावर उपकार आहेत, पण आम्हीच भिऊन एकाला कोंडून घातलं. ज्याच्यात धीर आहे, ज्याला आशा आहे, त्याने दार उघडावं. त्यासाठी सहांच्या रांगेत एका टोकाला साडेचौदा मीटरचा तो देवमासा आणि दुसऱ्या टोकाला रेलिकॅन्थ नावाचा मासा हवा. हा मासा रचला आहे सीलाकँथवर, जो नामशेष झाला असं शास्त्रज्ञ म्हणत असताना १९३८मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिवंत सापडला. ही मंडळी रांगेत लागली, की दूर तीन ठिकाणी तीन दारं उघडतात. एकीत खडकाचा पुतळा, एकीत बर्फाचा, एकीत पोलादाचा, आणि प्रत्येकाजवळ ठिपक्यांत एक आज्ञा. बर्फवाल्याची आज्ञा मला सर्वांत आवडली. थांबा, काळ दोनदा सरू द्या. म्हणजे दोन मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. चिरंजीवांचा जीव कासावीस झाला. मी म्हटलं, “आण इकडे.” एकवीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव पहिल्यांदाच घरात उपयोगी पडला.

जपानी लोकांनाच हे का सुचावं? तर त्यांच्याकडे हे ठिपके लहानपणापासून नजरेखालीच नव्हे, पायाखालीही असतात. जपानी अक्षरांसाठी इशिकावा कुराजी या शिक्षकाने सहाच ठिपक्यांत केलेली मांडणी तिथे १८९०मध्ये स्वीकारली गेली, आणि मूळ जपानी खेळात भिंतीवर तीच आहे. रस्त्यात अंधांना वाट कळावी म्हणून पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा बसवतात, त्याही जपानच्याच. मियाके सेइइची यांनी १९६५मध्ये त्या तयार केल्या आणि १९६७मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. बिअरच्या डब्याच्या झाकणावरसुद्धा तिथे ब्रेलमध्ये ‘दारू’ असं लिहिलेलं असतं, सरबत समजून कोणी तोंडाला लावू नये म्हणून. आपल्याकडेही पिवळ्या फरशा आल्या आहेत. आमच्या बँकेसमोरच्या फुटपाथवरची ओळ भक्तिभावाने सरळ जाते आणि थेट विजेच्या खांबाला भेटते. त्यापुढे वाटसरूने काय करावं, याबद्दल ब्रेलमध्ये काही लिहिलेलं नाही.

मराठी ब्रेलही आहे, हे सांगायला हवं. वेगवेगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ठिपके असावेत म्हणून १९५१मध्ये भारती ब्रेल ठरली. तिच्यात आपला ‘क’ म्हणजे इंग्रजी ‘के’चेच ठिपके, ‘म’ म्हणजे ‘एम’चे, ‘ल’ म्हणजे ‘एल’चे. आणि एक मोठी सोय अशी, की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येत नाही. आधी ‘क’ लिहायचा, मग ‘इ’. तोंडातून जसं निघतं तसं. शुद्धलेखनाच्या तासाला ही लिपी असती, तर माझ्या पिढीचे निम्मे छडीचे वळ वाचले असते. या लिपीत २००८पासून ‘स्पर्शज्ञान’ नावाचं मराठी पाक्षिक निघू लागलं, स्वागत थोरात यांनी सुरू केलेलं.

आता मूळ मुद्दा. पडद्यावरचे ठिपके गुळगुळीत असतात. ज्याची ही लिपी, त्याने त्या काचेवरून बोट फिरवलं तर त्याला काच लागते. बस्स. ही गोष्ट मला सुचली नव्हती, ती कळली आमच्या शाखेत.

दर महिन्याला पेन्शन काढायला एक अंध गुरुजी येतात. संगीत शिकवायचे. नोटा मोजताना त्यांची बोटं बघावीत. शंभराच्या नोटेवर उंचावलेला त्रिकोण असतो, पाचशेवर वर्तुळ. पण नोट बाजारात चार हात फिरली की त्रिकोणाचं टक्कल पडतं, मग ते लांबीवरून ओळखतात. दिवाळीच्या सुट्टीत चिरंजीव माझ्याबरोबर शाखेत आले होते, हातात वही. वहीत त्या पहिल्या वाक्याचे ठिपके बॉलपेनने दाबून दाबून उतरवलेले. गुरुजी ब्रेल वाचतात असं कळल्याबरोबर पठ्ठ्याने वही त्यांच्या हातात दिली.

“आजोबा, हे वाचता येतं का बघा.”

गुरुजींनी पानावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. म्हणाले, “बाळ, कागद कोरा आहे.”

कारट्याचा चेहरा उतरला. इतक्यात गुरुजींनी पान उलटलं. बॉलपेनच्या दाबाने मागच्या बाजूला बारीक टेंगळं आली होती. बोट सरकू लागलं.

“अक्षरं हत्तीएवढी आहेत. आय, डब्ल्यू, आय, जे... इविज गेफ? हे कुठल्या गावचं नाव?” मग स्वतःशीच हसले. “अरे हो, हे उलटं आलंय. आम्ही पाटीवर टोच्याने लिहितो ना, ते असंच उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखं. मग कागद उलटला की सुलट होतं.” आणि त्यांनी दुसऱ्या टोकापासून बोट आणलं. “डिग हिअर. इथे खण.” क्षणभर थांबून त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. “कुठे खणू म्हणता, साहेब? कॅश काउंटरखाली?”

शाखेत हशा पिकला. चिरंजीवांनी मग त्यांना सगळा खेळ सांगितला, बुडी, गुहा, देवमासा, सगळं. गुरुजी लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला. “बघू ते यंत्र.” चिरंजीवांनी ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी काचेवरून अंगठा हलकेच फिरवला आणि परत दिलं. “छान आहे,” म्हणाले, “पण ही खोली तुमच्यासाठी आहे रे. आमचं फक्त कुलूप वापरलंय.” रागाने म्हटलं नाही. पासबुक भरून घेतलं आणि गेले.

मला तेव्हापासून लुई ब्रेलच्या शाळेतली एक हकिकत आठवत राहते. १८४०मध्ये तिथे द्युफो नावाचे नवे संचालक आले आणि त्यांनी या ठिपक्यांवर बंदी घातली. आक्षेप काय, तर डोळसांना हे वाचता येत नाही, त्यामुळे अंध मुलं चारचौघांपासून वेगळी पडतील. मुलं ऐकतात होय? ती चोरून लिहीत राहिली, एकमेकांना चिठ्ठ्या पाठवत राहिली. मास्तरांना वाचता न येणारी चिठ्ठी, यापरतं सुख विद्यार्थ्याला दुसरं कुठलं? अखेर १८४४मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला द्युफोंच्याच सहायकाने, ग्वादे यांनी, जमलेल्या पाहुण्यांसमोर या लिपीचं प्रात्यक्षिक घडवलं, आणि बंदीची हवा गेली. तरी अधिकृत मंजुरी आली ती १८५४मध्ये. लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२लाच क्षयाने वारला होता. मंजुरीचा कागद आणि माणूस यांची चुकामूक होण्याची ही रीत फ्रान्समध्येही आहे, हे वाचून मला आपल्या कचेऱ्यांबद्दल थोडं बरं वाटलं. १९५२मध्ये, शंभर वर्षांनी, त्याचे अवशेष समारंभाने पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये नेले. पण हात गावाने सोडले नाहीत. ते कूव्रेलाच आहेत.

म्हणजे बघा, डोळसांना वाचता येत नाही म्हणून ज्या ठिपक्यांवर बंदी आली, तेच ठिपके दीडशे वर्षांनी, डोळसांना वाचता येत नाहीत एवढ्याच गुणावर, लाखो पोरांनी हौसेने गिरवले. २०१४मध्ये या खेळाची नवी आवृत्ती आली, तिच्यातही ती भिंत तशीच ठेवली. ज्या लिपीकडे शाळेच्या संचालकांनी पाठ फिरवली, ती शिकायला पोरं जेवणं टाकून बसली. हेही काही थोडं झालं नाही. आमच्या चिरंजीवांना आता एटीएमच्या बटणांवरचे ठिपके वाचता येतात, आणि ते माझ्या देखत रांग अडवून वाचतात. गुरुजींसाठी एक चिठ्ठीसुद्धा तयार आहे. या वेळी जाड कागदावर, टोच्याने, उजवीकडून डावीकडे. मजकूर मला दाखवलेला नाही.

त्या बर्फाच्या गुहेतली आज्ञा तेवढी मला राहून राहून आठवते. काही करू नका, नुसते थांबा, दार उघडेल. पोरांना दोन मिनिटं थांबावं लागतं आणि त्यात त्यांचा जीव जातो. लुई ब्रेलचे ठिपके १८२४मध्ये तयार झाले आणि दार उघडलं १८५४मध्ये. तीस वर्षं. त्यातली अठ्ठावीस तो स्वतः दाराशी उभा होता.